जन्मसालापुढची रेघ

संगमरवरावर एकदा कोरलेले परत घेता येत नाही, हे माझ्या व्यवसायातील पहिले तत्त्व होय. कागदावर लिहिणारा मनुष्य खोडू शकतो. भाषण करणारा मनुष्य खोकून विषय बदलू शकतो. आमचे गावकप्तान तर काल दिलेला शब्द आज समोर आला तरी ओळख दाखवीत नाहीत. थडग्याचा दगड कोरणाऱ्यास मात्र ही चैन नाही. आमच्या बेटावरील तुबोद आणि आसपासच्या चार गावांत गेल्या तेवीस वर्षांत जो कोणी देवाघरी गेला, त्याचे नाव माझ्या छिन्नीखालून गेले आहे, आणि एकाही नावात मी अक्षराची चूक केलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जी चूक सांगावयाची आहे ती अक्षराची नव्हती, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे, म्हणून सांगतो.

कल्पना अगदी साधी होती. आमच्या गावच्या बास्केटबॉलच्या मैदानाला यंदा छप्पर आले. सान रोकेच्या जत्रेच्या दिवशी, म्हणजे सोळा ऑगस्टला, त्याचे उद्घाटन आणि नामकरण व्हायचे होते. गावकप्तान दोदोय यांनी जाहीर केले की, लोकांनी योग्य नाव सुचवावे, अन्यथा छपराचे पत्रे देणाऱ्या सद्गृहस्थांचे नाव देण्यात येईल. या सद्गृहस्थांचा खेळांशी आलेला संबंध त्या पत्र्यांपुरताच होता, आणि ते पत्रेही पहिल्याच वाऱ्यात वाजू लागले होते. तेव्हा मी उभा राहिलो आणि माझे सासरे एर्मोहेनेस दागोक यांचे नाव सुचवले.

गावात त्यांना मोनिंग म्हणतात, आणि वयाने लहान माणसे आदराने 'मानोंग', म्हणजे दादा. आम्ही घरचे त्यांना 'ताताय', म्हणजे बाबा, म्हणतो. आज त्यांचे वय पंचाहत्तर आहे. तरुणपणी त्यांनी चार वेगवेगळ्या वजनगटांत प्रांतातल्या अव्वल मुष्टियोद्ध्यांना हरवले होते. ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बॉक्सिंगमध्ये माणसाला वजनाप्रमाणे जोडीदार देतात. एकावन्न किलोचा एकावन्नवाल्याशी लढतो, सत्तावन्नचा सत्तावन्नवाल्याशी. आपल्या गटात पहिले येणे हेच पुष्कळांना जन्मभर साधत नाही. वरच्या गटात जायचे म्हणजे अधिक लांब हात, अधिक जाड मान आणि अधिक जड ठोसा यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे. तातायांनी प्रथम एकावन्न किलोत प्रांताचा अव्वल हरवला. मग साडेत्रेपन्नमध्ये, मग सत्तावन्नमध्ये, आणि १९७३ च्या जत्रेत एकसष्ट किलोमध्ये.

दिसायला ते तेव्हाही असेच होते, आजच्यासारखे, वाळवलेल्या बांगड्याच्या अंगाचे. मग एकसष्ट किलो कुठे होते, असा प्रश्न त्या काळी अनेकांना पडला. त्याचे उत्तर गावानेच शोधले: मोनिंगची हाडे जड आहेत. हे उत्तर इतके पक्के झाले की, माझ्या मुलीचा जन्म झाला तेव्हा सुईणीने तिला उचलून, 'आजोबांची हाडं आहेत', असे सांगितले होते. हल्ली आरोग्य केंद्राच्या काट्यावर तातायांचे वजन पन्नास भरते. नर्सबाई म्हणतात, वयपरत्वे हाडे पोकळ होतात.

आता माझा स्वतःचा या प्रकरणातला संबंध लपवण्यात अर्थ नाही. मी कॉलेजात एकच वर्ष काढले. पुढे शिकावे अशी ऐपत नव्हती, आणि चौथीच्या शिक्षिकेच्या मते कुवतही नव्हती. तातायांच्या मुलीला मी मागणी घातली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि, "वजन किती?" एवढेच विचारले. लग्नाला एकवीस वर्षे झाली. या एकवीस वर्षांत त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून देताना "हा आमचा दगडवाला" यापलीकडे शब्द खर्चलेला नाही. मी त्यांच्यावर रागावलो नव्हतो. परंतु त्या मैदानाच्या भिंतीवर त्यांचे नाव लागावे, ते माझ्या हातचे असावे, आणि त्या दिवशी त्यांनी मला दुसऱ्या कोणत्या तरी शब्दाने हाक मारावी, असे मला वाटत होते.

घरी आल्यावर मी ही वार्ता सांगितली. ताताय कोंबड्याचे पाय धूत होते. ते धूतच राहिले. माझी पत्नी रोसेंदा हिला आनंद झाला. सासूबाई बासिलिया, ज्यांना आम्ही 'नानाय', म्हणजे आई, म्हणतो आणि गाव आदराने 'नांग' म्हणते, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नको," त्या म्हणाल्या.

"का, नानाय?"

"भिंत आहे ती तशीच बरी आहे."

"पण नाव लागलं नाही तर त्या पत्रेवाल्याचं लागेल."

"लागू दे. पत्रे त्याचेच आहेत."

नानाय या कोळ्याच्या घरातल्या. त्यांच्या दिवंगत वडिलांची गावात मोठी ख्याती आहे. जत्रेच्या आठवड्यात आमच्या गावात कोणीही समुद्रात जाळे टाकत नाही, ही प्रथा त्यांनीच पाडली. त्या काळी सलग तीन वर्षे जत्रेच्या आठवड्यात त्यांचे जाळे पाण्यात बुडेना. ते पसरून तरंगत राही आणि मासे खालून निघून जात. ढोलांच्या आवाजाने समुद्रातील अदृश्य मंडळी रुष्ट होतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि गावाने तो मानला. आजही त्या आठवड्यात सगळे कोळी किनाऱ्यावर बसून ताडी पितात आणि श्रद्धेने समुद्राकडे पाहतात. अशा घरातली स्त्री शुभकार्यात मोडता का घालते, हे मला उमगेना. मला वाटले, जावयाने केलेले काही त्यांना पसंत पडत नाही.

यानंतर कागदपत्रांचे पर्व सुरू झाले.

ग्रामपरिषदेच्या सचिव आमच्या शेजारी राहतात. त्यांचे नाव पुरिफिकासियोन इगोत. चाळीस वर्षे त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला, मला त्यातली दोन वर्षे, आणि म्हणून सारे गाव त्यांना माएस्त्रा म्हणते. त्यांनी माझा अर्ज वाचला, त्यातला एक शब्द लाल पेन्सिलीने दुरुस्त केला आणि परत दिला.

"तीन प्रती," त्या म्हणाल्या. "आणि पुरावा."

"माएस्त्रा, सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला पुष्कळ काय काय माहीत असतं, ओनेसिमो. तू चौथीत असताना पृथ्वी सपाट आहे हेही तुला माहीत होतं. प्रत्येक गटातल्या वजनाची नोंद आण. ज्या काट्यावर वजन केलं तो काटा बरोबर होता याचा दाखला आण. आणि हरलेल्या माणसांचं किंवा त्यांच्या वारसांचं निवेदन आण."

यात एक नाजूक बाब होती. एकसष्ट किलोच्या गटात जो प्रांताचा अव्वल हरला, तो वेन्सेस्लाव इगोत, म्हणजे माएस्त्रांचा सख्खा मोठा भाऊ. हरल्यानंतर सहा महिन्यांत तो समोरच्या बेटावर राहायला गेला तो पुन्हा तुबोदला आला नाही. माएस्त्रांनी ही बाब कधी तोंडातून काढली नाही. फक्त पुराव्यांची यादी लांबवली.

शेजाऱ्यांचा सल्ला या काळात मला विपुल मिळाला. न्हाव्याने सांगितले की पुतळाच करावा, म्हणजे दाखले कोणी मागत नाही. बेकरीवालीने सांगितले की तातायांना कमरेइतके जाड हातमोजे घालून मिरवणुकीत बसवावे. कप्तानांनी मला बाजूला घेतले आणि हळू आवाजात सांगितले की, दगडावर खाली त्यांचेही नाव असल्यास ठराव लवकर पुढे सरकेल, अक्षर छोटे चालेल, अगदीच छोटे नको.

वजनाच्या नोंदी चर्चमध्ये सापडल्या. त्या काळी वजन चर्चच्या दिवाणखान्यात होई. एका वर्षी विजोड लढतीत एका तरुणाचा जबडा मोडला होता. तेव्हापासून पाद्रींनी नियम केला की, त्यांच्यासमोर वजन जुळल्याखेरीज जत्रेत कोणी लढायचे नाही. दिवाणखान्यात नन बसलेल्या असत, म्हणून वजन लांब विजारीसकट होत असे. नोंदवहीत सारे स्वच्छ लिहिले होते. दागोक, एकावन्न. दागोक, साडेत्रेपन्न. दागोक, सत्तावन्न. दागोक, एकसष्ट. प्रत्येक नोंदीखाली पाद्रींची सही. मी ती वही छातीशी धरून माएस्त्रांकडे नेली. त्यांनी काट्याचा दाखला मागितला.

काटा एका खोबऱ्याच्या व्यापाऱ्याचा होता. व्यापारी वारला होता. त्याचा दगड मीच कोरला, 'प्रामाणिक व्यवहाराचा आदर्श' हे शब्द त्याच्या मुलांच्या आग्रहावरून. काटा मात्र जिवंत होता आणि त्यावर आता डुकराची पिले तोलत. वजनमापे कार्यालयाच्या गृहस्थांनी मला शांतपणे समजावले की, काट्याचा आजचा दाखला देता येईल, पन्नास वर्षांपूर्वीचा देता येणार नाही. मी विचारले, काटा तोच आहे ना. ते म्हणाले, काटा तोच आहे, वर्ष तेच नाही. शेवटी त्यांनी दाखला दिला की, 'सदर काटा बरोबर असून तो बिघडल्याचे कार्यालयाच्या ऐकिवात नाही.' माएस्त्रांनी हे वाक्य दोनदा वाचले आणि फाइलला लावले. त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच किंचित आदर दिसला. तो माझ्याविषयी नव्हता, त्या वाक्याविषयी होता.

राहिले फक्त वेन्सेस्लाव यांचे निवेदन. मी तीन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. जत्रेला नऊ दिवस उरले.

आता ती चूक.

ठराव होण्याची वाट पाहिली असती तर दगड वेळेत झाला नसता. म्हणून मी आधीच कोरायला घेतला. हातभर रुंद, पांढरा, एकही शीर नसलेला दगड मी सहा वर्षे कोणासाठी तरी राखून ठेवला होता. त्यावर मी कोरले: 'एर्मोहेनेस "मोनिंग" दागोक. चार वजनगटांतील अव्वल मुष्टियोद्ध्यांना नमवणारा.' खाली जन्मसाल, १९४९. आणि मग, वाचकहो, तेवीस वर्षांच्या सवयीने माझा हात थांबला नाही. जन्मसालानंतर माझ्या हाताने आपोआप एक रेघ कोरली, त्यापुढे जागा सोडली, आणि मी चहा प्यायला गेलो.

परत आल्यावर ती रेघ मला दिसली. सुबक होती. दोन इंच लांब, सरळ, योग्य तेवढी खोल. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. दुसरा दगड आणायचा तर सेबू शहरातून बोटीने आणावा लागणार, आणि नऊ दिवसांत तो येणार नव्हता. अक्षरांत भरलेला काळा रंग वाळावा म्हणून मी दगड दुकानाच्या दारात उन्हाला टेकवून ठेवला आणि रेघेवर उपाय सुचेल या आशेने कामासाठी तालुक्याला गेलेल्या कप्तानांना भेटायला गेलो. रोसेंदा बाजारात गेली होती. नानाय चर्चमध्ये फुले बदलत होत्या. ताताय भल्या सकाळी शेजारच्या गावी एक बकरी पाहायला गेले होते.

माझ्या दुकानाच्या दारात उन्हाला ठेवलेल्या दगडाचा अर्थ तुबोदमध्ये सर्वांना एकच ठाऊक आहे. आधी बेकरीवालीने पाहिला. मग न्हाव्याने. साडेनऊपर्यंत आमच्या अंगणात मांडव होता. दहा वाजता प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. साडेदहाला कॉफीचे पातेले चढले आणि बिस्किटांचे डबे फुटले. मयताच्या घरी आमच्याकडे पत्ते खेळतात, म्हणजे आलेले लोक टिकतात. त्याप्रमाणे तीन टेबले लागली. शवपेटीसाठी मधे जागा ठेवली होती. हाडे जड असल्यामुळे खांदा द्यायला सहाऐवजी आठ जण ठरले.

नानाय अकरा वाजता आल्या. बेकरीवालीने त्यांना मिठी मारली आणि रडू लागली. नानायांनी तिला रडू दिले. मग विचारले, "तुझं काय झालं, बाई?"

"नांग बासिलिया, मन घट्ट करा. मोनिंग."

"काय केलं त्यानं?"

न्हाव्याने दगडाकडे बोट दाखवले. नानायांनी दगड वाचला, मग रेघ पाहिली. त्यांनी डोळे मिटले आणि, जमलेल्या बायांनी नंतर शपथेवर सांगितले त्याप्रमाणे, "दगडवाला" असा एकच शब्द उच्चारला. मग त्या आत गेल्या, झाडू घेऊन आल्या आणि सांडलेली बिस्किटे झाडू लागल्या.

यामुळे मोठा क्षोभ उसळला. मयताच्या घरात झाडू लावला की त्याच घरातून आणखी एक जण जातो, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. चार बायांनी त्यांच्या हातातला झाडू धरला.

"सोडा ग," नानाय म्हणाल्या. "मेलेलं कोणी नाही, आणि कचरा मात्र खरा आहे."

दुःखाने भ्रम होतो, असे सर्वांचे मत पडले. त्यांना खुर्चीत बसवून कॉफी देण्यात आली.

साडेबारा वाजता कप्तान आले, आणि त्यांच्याबरोबर नाइलाजाने मी. वाटेत फोनवर वार्ता कळताच कप्तानांनी तालुक्यातच फ्लेक्स छापून घेतला होता. 'दागोक कुटुंबाच्या दुःखात सहभागी', आणि शेजारी कप्तानांचा हसरा फोटो. तातायांचा फोटो वेळेवर मिळाला नव्हता, म्हणून त्यांच्या जागी हातमोज्यांचे चित्र टाकले होते. मी सबंध वाट त्यांना सांगत होतो की ही रेघेची चूक आहे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून, वडीलधारे धाकट्याला मारतात त्या हाकेने म्हणत होते, "समजतो, दोंग. मलाही माझे वडील गेले तेव्हा पटलं नव्हतं."

पाऊणच्या सुमारास ताताय बकरी घेऊन आले. त्यांनी मांडव पाहिला. बकरी नारळाच्या झाडाला बांधली. पहिल्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती तीत बसले.

"कोणाचं?" त्यांनी विचारले.

पत्ते वाटणारा न्हावी वर न पाहता म्हणाला, "तुमचंच, मानोंग." आणि त्यांना सात पाने वाटली.

मग त्याने वर पाहिले.

ताताय पाने लावत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "खेळायचं की रडायचं, एक काय ते ठरवा. पानं चांगली आलीत."

कोणी उठून गेले नाही. खुर्च्या दिवसभरासाठी आणल्या होत्या, बिस्किटांचे डबे फोडलेले होते, आणि मयत स्वतः जिंकत होता. कप्तान मात्र फ्लेक्सकडे पाहून थोडे खिन्न झाले.

"घडी घालून ठेवतो," ते म्हणाले. "वाया जायला नको."

"ठेवा, कप्तान," ताताय म्हणाले. "लागेलच."

दगडाकडे एकदा त्यांनी पाहिले, रेघेवर त्यांची नजर थांबली, आणि ते पुन्हा पत्त्यांकडे वळले. पाहुण्यांपुढे कॉफी फिरवताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. एकवीस वर्षांत मी या माणसासाठी एक काम करायला घेतले, आणि त्यात त्याला मारून ठेवले.

चार वाजताच्या बोटीने वेन्सेस्लाव इगोत आले.

सकाळी दगड पाहून माएस्त्रांनीच भावाला फोन केला होता. सत्त्याहत्तर वर्षांचा तो उंच, रुंद खांद्यांचा मनुष्य काळी बंडी घालून, हातात रुमालाची लहानशी पुरचुंडी घेऊन मांडवात शिरला, तेव्हा ताताय चौथा डाव मांडत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लढतीनंतर एकावन्न वर्षांनी.

"मला सांगितलं तू मेलास," वेन्सेस्लाव म्हणाले.

"जावयाची चूक," ताताय म्हणाले. "ये. बस."

"बसत नाही. तुझ्या पेटीत ठेवायला एक वस्तू आणली होती." ते घुटमळले. "आता कुठे ठेवू?"

माझे दुकान अंगणाच्या कडेलाच आहे. तिथे आम्ही पाच जण गेलो: ताताय, नानाय, वेन्सेस्लाव, मी, आणि फाइल घेऊन माएस्त्रा, कारण हरलेल्या पक्षाचे निवेदन राहिले होते आणि हरलेला पक्ष आयताच आला होता. माएस्त्रांनी कागद सरळ केला, पेनाचे टोपण काढले आणि म्हणाल्या, "सांग, इस्लाव. वजन झालं, लढत झाली, तू हरलास. एवढंच."

वेन्सेस्लावांनी पुरचुंडी सोडून माझ्या कामाच्या बाकावर ठेवली. आत लिंबाएवढी एक शिशाची गोळी होती, मधे भोक पाडलेली. जाळे तळाला जावे म्हणून कोळी लोक जाळ्याच्या कडेला ओवतात ती.

नानायांनी ती उचलली. तळहातावर फिरवली. मग त्या पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसल्या.

"चाळीसावी," त्या म्हणाल्या. "एकोणचाळीसच परत आल्या होत्या. मी किती शोधली. वाळूत शोधली."

"विजार मी उचलली होती," वेन्सेस्लाव म्हणाले. "वजन झाल्यावर याने विजार बदलून बाकावर टाकली. माझी पडली होती तिच्याखाली, म्हणून उचलायला गेलो तर उचलेना. बघितलं तर काठात, कमरेत, सगळीकडे शिसं शिवलेलं. एक काढून घेतली. पाद्रींना दाखवणार होतो."

"मग दाखवली का नाही?" माएस्त्रांनी विचारले.

"दाखवायच्या आधी लढत झाली."

बाहेर पत्त्यांच्या टेबलावर कोणी तरी हसले.

नानायांनीच मग सांगितले. एकावन्नच्या गटात मोनिंगने अव्वल माणूस हरवला, त्यानंतर त्या वजनाचे कोणी त्याच्याशी लढायला तयार होईना. पाद्रींच्या नियमाने वरच्या गटात लढता येत नव्हते. त्याचे वजन केळी खाऊन वाढेना, भात खाऊन वाढेना. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या वडिलांचे जाळे अंगणात वाळत असे. पहिल्या वर्षी दहा गोळ्या. दुसऱ्या वर्षी चोवीस. तिसऱ्या वर्षी चाळीस. जत्रेआधी उसवायच्या, विजारीत शिवायच्या, जत्रेनंतर पुन्हा जाळ्याला. "तो त्या दिवशी दिवाणखान्यात बिशपसारखा सावकाश चालत आला," त्या म्हणाल्या. "ननबाई मला म्हणाल्या, किती गंभीर मुलगा आहे."

मला समुद्रातील अदृश्य मंडळी आठवली. किनाऱ्यावर ताडी पीत बसलेले सारे कोळी आठवले.

"म्हणून नको म्हणत होते," नानाय मला म्हणाल्या. "तुझ्यावर राग नव्हता, दोंग. बोललेलं विरून जातं. तू दगडावर लिहिणार होतास."

माएस्त्रांनी चष्मा काढून पुसला. समोर पाद्रींची नोंदवही उघडी होती. जो न्याय त्यांनी चाळीस वर्षे चौथीच्या वर्गात केला तो आता त्यांच्या हाती होता. एक ओळ लिहिली की ठराव संपला, आणि भिंतीवर पत्रेवाले गृहस्थ.

"इस्लाव," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुझं खरं वजन किती?"

"एकसष्ट. मी काही शिवलं नव्हतं."

"आणि याचं?"

"एकावन्न," ताताय म्हणाले. "कायम."

"म्हणजे तू तुझ्यापेक्षा दहा किलोनं हलक्या माणसाकडून हरलास."

"सहाव्या फेरीत," वेन्सेस्लाव बहिणीला म्हणाले. "म्हणून तर बेट सोडलं, पुरिंग. वजन बरोबरीचं होतं असं म्हणत होते लोक, तर मी म्हणू दिलं. गोळी दाखवली असती तर पदक याचं गेलं असतं, पण माझं काय राहिलं असतं?"

माएस्त्रांनी वही बंद केली.

"नोंदवहीत एकसष्ट आहे. खाली पाद्रींची सही आहे. काट्याचा दाखलाही आहे. पाद्रींना खोटं ठरवणारी मी कोण?" त्यांनी निवेदनाच्या कागदावर स्वच्छ अक्षरात 'लढत झाली, हरलो' असे लिहिले आणि भावापुढे सरकवले. "सही कर. पूर्ण नाव."

इथे माझा व्यवसाय आडवा आला. मी म्हणालो, "पण माएस्त्रा, चार वजनगट. दगडावर खोटं कसं ठेवू?"

त्यांनी मला चौथीतल्यासारखे उभे केले आणि दगड वाचायला लावला. मी वाचला.

"चारही गटांतले अव्वल याने हरवले की नाही?"

"हरवले."

"याचं स्वतःचं वजन लिहिलंयस कुठे?"

"नाही."

"मग खाली बस."

ताताय इतका वेळ दगडापाशी उभे होते. त्यांनी रेघेवर अंगठा फिरवला.

"हिचं काय करणार?"

"पुसता येत नाही, ताताय. खरवडली तर खड्डा पडेल."

"आणि वाढवता येते?"

मी त्यांच्याकडे पाहिले. मग नानायांच्या तळहातावरच्या गोळीकडे. एकवीस वर्षांत प्रथमच त्यांना काय म्हणायचे आहे हे मला न सांगता कळले.

वाढवता येते. आठ दिवस मी दुसरे काम घेतले नाही. ती दोन इंचांची रेघ मी दगडाच्या काठापर्यंत नेली, तिला जाळ्याच्या दोरीसारखा किंचित झोल दिला, आणि तिच्याखाली एकाशेजारी एक लहान गोल कोरत गेलो. एकोणचाळीस. शेवटच्या जागी खाच पाडली आणि खरी गोळी बसवली. कप्तानांचे नाव राहून गेले. जागा उरली नाही, असे मी त्यांना दाखवले, आणि ते खरे होते.

सोळा तारखेला मिरवणूक मैदानापाशी थांबली. तालुक्याहून आलेल्या एका वजनदार पाहुण्यांनी पडदा ओढला आणि कोणी केले म्हणून विचारले. तातायांनी माझ्या कोपराला धरून मला पुढे आणले.

"हा आमचा जावई," ते म्हणाले. थोडे थांबून, "दगडाचं काम करतो."

हे सारे मी लिहावे याला माएस्त्रांनी लेखी संमती दिली आहे, तुबोदमध्ये एकही प्रत येऊ नये या अटीवर. गावात जाळ्याविषयी विचारणारे अजून आहेत. बॉक्सरच्या दगडावर जाळे कशाला, असे कोणी म्हटले की माएस्त्रा, "शोभा आहे," म्हणतात, आणि त्यांच्या चौथीच्या वर्गातून गेलेल्या गावात त्यापुढे कोणी प्रश्न करीत नाही. जत्रेच्या आठवड्यात कोळी अजूनही जाळे टाकत नाहीत. नानाय सकाळी चर्चला जाताना मैदानावरून जातात. तेव्हा त्या थांबतात, पदराने रेघेवरची धूळ पुसतात, आणि शेवटची गोळी बोटाने दाबून ती जागेवर आहे ना ते पाहतात. बाकीच्या एकोणचाळीस पांढऱ्याच राहिल्या आहेत. ती एक मात्र आता चकाकू लागली आहे.